तीन मिनिटांत शंभर फेरे

खोली दाखवण्याआधी त्यांनी माझं घड्याळ मागितलं. मी वसमतमध्ये नवीन होते, हातात शाळेच्या नेमणुकीचा कागद, पायाशी ट्रंक. वाटलं, अनामत म्हणून ठेवून घेतात की काय. घड्याळ बाबांचं होतं, चावीचं, बी.एड. झाले तेव्हा त्यांनी स्वतःच्या मनगटावरून काढून मला दिलेलं. या गृहस्थांनी खिशातून एक पेन्सिल काढली, तिचं एक टोक घड्याळाच्या काचेवर टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटून घेतले. मी दारातच उभी. आतून त्यांच्या बायकोनं मान बाहेर काढून पाहिलं आणि पुन्हा आत नेली, म्हणजे हे रोजचंच असावं.

"लंगडून राहिलं," डोळे उघडून ते म्हणाले. "एक पाय लांब टाकतं, एक आखूड. मागं पडतं ना?"

पडत होतं. दोन वर्षं मी ते रोज सकाळी रेडिओवर लावून घेत होते.

"उद्या देतो. खोली वर हाय, पाणी सकाळी येतं," असं म्हणून ते घड्याळ घेऊन आत गेले. भाडं, अटी, मी कोण, कुठली, हे सगळं नंतर त्यांच्या बायकोनं, चाचींनीच विचारलं.

मी विज्ञानाची शिक्षिका. दातांनी घड्याळ ऐकणारा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खरा ठरला, याचा मला आधी रागच आला. पुढं सहा वर्षं मी त्यांच्या माडीवर राहिले आणि त्या रागाचं काय झालं ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. आज कुणी मला विचारलं की वसमतमध्ये काय कमावलंस, तर मी नोकरीचं नाव आधी घेत नाही. मी म्हणते, माझे घरमालक तुम्ही पाहायला हवे होते.

गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, मी चाचा म्हणायचे. तरुणपणी त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, उरूस असो, निवडणूक असो, बैलगाडीत भोंगे, ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर घालून ते गावोगाव जायचे. मांडवात बसायची त्यांची जागा बरोबर भोंग्याखाली, कारण सावली तिथंच असायची. तीस वर्षं त्या सावलीत बसून उजवा कान पार गेला आणि डावा मर्जीनं चालायला लागला. मग कॅसेटी आल्या, पोरंसोरं टेपरेकॉर्डर घेऊन लग्नं वाजवायला लागली आणि चाचांनी भोंगे विकून टाकले. पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकलं. पंखे, मिक्सर, शिलाई मशीन, जे येईल ते. पण दारावरची पाटी मात्र वेगळंच सांगायची: येथे रेकॉर्ड प्लेअर खात्रीनं दुरुस्त होतील. मी राहायला आले तोपर्यंत कित्येक वर्षांत गावातून एकही रेकॉर्ड प्लेअर त्या दारात आला नव्हता. तरी दर ईदच्या आधी पाटीला नवा रंग लागायचा, आणि कुणी हसलं तर चाचांना ते ऐकू यायचं नाही, निदान ते तसं दाखवायचे.

पेन्सिलीचं गुपित मला यथावकाश कळलं. गुपित कसलं, आठवीच्या पुस्तकातलाच धडा होता: आवाज हवेतून जातो त्यापेक्षा घट्ट वस्तूतून चांगला जातो. यंत्राचा आवाज लाकडातून दातांत, दातांतून हाडांत आणि हाडांतून थेट आत. बिघडलेल्या कानाच्या दाराशी त्याला थांबावंच लागत नाही. मी तो धडा तीन वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवत होते आणि एकदाही पेन्सिल दातांत धरली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना पेन्सिली काढायला लावल्या, एक टोक बाकावर, एक दातांत, आणि मागच्या बाकावरच्या मुलाला बाक खरवडायला सांगितलं. नेमके तेव्हाच आमचे हेडमास्तर राठोड सर खिडकीवरून चालले होते. चाळीस मुलं डोळे मिटून बाकं चावताहेत असं त्यांना दिसलं. ते आत आले, माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि स्वतः चावून पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, हे कोणी शिकवलं तुम्हाला?" मी अभिमानानं सांगितलं, माझ्या घरमालकांनी.

चाचांच्या कामाच्या पद्धती काही साध्या नव्हत्या. पहिला नियम असा की पहिल्या दिवशी पेच नाही, म्हणजे आलेल्या यंत्राचा एकही स्क्रू त्या दिवशी फिरवायचा नाही. फक्त ऐकायचं आणि विचारायचं. गिऱ्हाइकाला ते दोनच प्रश्न करायचे: शेवटचं बराबर कवा चाललं, आन त्याच्यानंतर घरात काय झालं? लोक वैतागायचे. पंखा दुरुस्त करायला आणलाय की घरची चौकशी करून घ्यायला, असं एक बाई मला जिन्यात म्हणाल्या होत्या. पण उत्तर द्यावंच लागायचं, कारण उत्तर मिळेपर्यंत चाचा काउंटरवर हात ठेवून शांत बसून राहायचे आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत राहायचे.

एकदा पार कनेरगाव नाक्यावरून एक ढाबेवाला टेपरेकॉर्डर घेऊन आला. वाटेत हिंगोलीची दुकानं सोडून तो वसमतपर्यंत आला, हे चाचींनी मला दोनदा सांगितलं. टेप दुपारी जड व्हायचा, गाणारा झोपेत गायल्यासारखा गायचा, आणि संध्याकाळी आपोआप नीट व्हायचा. चाचांनी दोन प्रश्न विचारले, तिसरा विचारला की टेप ठेवता कुठं. भट्टीच्या वरच्या फळीवर. "फळी बदला," चाचा म्हणाले आणि टेप न उघडताच परत दिला. एवढा एस.टी.चा प्रवास करून एकही स्क्रू न फिरवता परत जाणाऱ्या माणसाचं तोंड कसं होतं ते मला आठवतं. पंधरा दिवसांनी त्यानं वसमतच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर शेवभाजीचा डबा पाठवला.

"मशीन झूट बोलत न्हाई, मॅडम," चाचा म्हणायचे. "झूट गिऱ्हाईक बोलतं. त्येच्यातबी नव्या मशीनचं गिऱ्हाईक जास्त. नवं हाय म्हणलं की कोणी त्याच्यावर शकच घेत न्हाई."

माझ्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांचे दात पडायला लागले. कामाचे दोनच उरले, उजवीकडचे, एक वर एक खाली, आणि तेही हलायचे. डॉक्टरांनी सगळे काढून कवळी बसवा म्हणून सांगितलं. चाचा तयार होईनात. कवळीतून आवाज कसा येईल याची त्यांना खात्री नव्हती. भाकरी दुधात कुस्करून खायचे, पण ते दोन दात त्यांनी पेन्सिलीसाठी राखून ठेवले होते. चाची माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायच्या. "इनके दातां नै गिर रये बाई, कानां गिर रये," त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. मग डोळे पुसायच्या. मला वाटतं त्यांना हसू आणि रडू दोन्ही खरंच यायचं.

त्याच दिवसांत पाटीवर लिहिलेलं गिऱ्हाईक आलं. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, गावात सीडी मिळायला लागल्या होत्या, आणि आमचे राठोड सर कोरा करकरीत, आतच स्पीकर असलेला रेकॉर्ड प्लेअर छातीशी धरून दारात उभे राहिले. त्यांचे साडू मुंबईला गोदीत होते, त्यांनी परदेशातून आणवला होता. चाचांनी तो पाहिला आणि काउंटरवरचा मिक्सर, पंख्याचं पातं, चहाचा कप, सगळं एका हातानं बाजूला सारलं.

सरांची हकीकत मला स्टाफरूममध्ये थोडीफार कळली होती, उरलेली त्या दिवशी कळली. सर पुसेगावजवळच्या एका तांड्यावरचे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरायचे, वडिलांनी मात्र शेती धरली. सरांच्या जन्माच्या सुमारास लोकगीतं गोळा करणारी शहरातली माणसं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तांड्यावर आली होती. त्यांनी बायांची गाणी घेतली. पाच-सहा वर्षांनी पोस्टानं एक रेकॉर्ड आली. तिच्यावर बाहेरून तिसरं गाणं सरांच्या आईचं होतं. पण रेकॉर्ड आली तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. सर पाच वर्षांचे होते. आईचा चेहरा त्यांना अंधुक आठवायचा, आवाज अजिबात नाही. तांड्यावर रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. वडिलांनी ती फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवून दिली.

"लग्नाला लाऊडस्पीकरवाला येत असंल की," चाचा म्हणाले. "त्याच्याकडं मशीन असतंय."

"बापानं लावू दिली न्हाई. म्हणायचा, लग्नवाल्याची बोथट सुई माझ्या बायकोच्या गळ्यावर चालवू देनार न्हाई."

चाचा स्वतः लग्नवाले. त्यांनी मान हलवली. "शाना मानूस. मीबी लावली नसती."

मग वडील गेले, यंत्रंही बाजारातून गेली, आणि चाळिशी उलटल्यावर सरांनी हा नवा प्लेअर मिळवला. गेल्या आठवड्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आईचा आवाज ऐकला होता. भारदस्त, संथ, जरा दुखरा. ते ऐकून ते आणि त्यांच्या मिसेस दोघंही रडले. तक्रार एकच होती, गाण्याच्या मागं सतत घरघर येत होती. "तेवढी काढून द्या, चाचा. बाकी माझी माय मला भेटली."

चाचांनी सवयीनं विचारलं, "शेवटचं बराबर कवा वाजलं?" आणि स्वतःच अडखळले. नव्या यंत्राला शेवटचं बरोबर कुठून असणार. त्यांनी क्षणभर विचार करून प्रश्न बदलला. "खोक्यातून निघाल्यापासून कोणाकोणाचा हात लागला?"

"माझा. आन मिसेसनं पूजा केली, तिचा."

चाचांनी पेन्सिल काढली, टोक यंत्राच्या लाकडी बैठकीला लावलं आणि ते दोन दात मिटले. मोटार चालू, थाळी फिरतेय, वर काही नाही. बराच वेळ ते तसेच बसले. "मोटार थरथरून राहिली," ते म्हणाले. "आन ते थरथरनं सुईपत्तोर चाललंय. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र पालथं केलं. खाली दोन लाल पेच होते. प्रवासात मोटार हलू नये म्हणून कारखान्यानं ती या पेचांनी आवळून बांधली होती. घरी पोचल्यावर ते सोडायचे असतात. माहितीपुस्तक परक्या भाषेत, वाचणार कोण? "लांबून आनलेला बैल दावनीला बांधला, आन मानेवरचं जूच सोडलं न्हाई," चाचा म्हणाले. त्यांनी पेच काढले आणि घरघर गेली. सर संध्याकाळी आले, एवढ्याशा कामावर खूश होऊन यंत्र उचलायला लागले, तर चाचांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांबा. थाळी मोजायची हाय."

रेकॉर्ड जशी फिरायला हवी तशी फिरली तर तीन मिनिटांत शंभर फेरे होतात, हे त्यांनी मला शिकवलं. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला. घड्याळ माझं, जे आता लंगडत नव्हतं. मोजायचं मी, कारण मॅडम शिकलेल्या आहेत. मी मोजलं. चौऱ्याऐंशी. पुन्हा मोजलं. चौऱ्याऐंशी. तिसऱ्यांदा पंच्याऐंशी आले, पण तो एक फेरा मी मनानंच वाढवला असावा, सर इतके काळजीनं बघत होते.

चाचांनी थाळी उचलली. खाली मोटारीपासून थाळीपर्यंत एक रबरी पट्टा होता आणि तो पिवळा झाला होता. पूजेत सरांच्या मिसेसनी थाळीच्या मधल्या खुंटीला मनापासून हळदकुंकू लावलं होतं, वसमतची हळद, बाजारातली ताजी. ती भोकातून आत सांडली, पट्टा बुळबुळीत झाला आणि घसरायला लागला. थाळी मंद, म्हणून गाणं मंद, म्हणून आवाज जाड.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मिटलं. विज्ञानाच्या बाईंनी तिथं पूजेबद्दल काय सांगितलं असतं ते आठवून मला आजही लाज वाटते. चाचा सरांना म्हणाले, "घरच्यांनी बराबर केलं. नवी चीज हाय, हळद लावलीच पायजे. देवीला हळद चालती, फकस्त पट्ट्याला चालत न्हाई." मग त्यांनी बारीक ब्रशनं कणन् कण एका कागदावर गोळा केला, पट्टा स्पिरिटनं पुसला, आणि त्या कागदाची पुडी बांधून स्वतःच्या खिशात ठेवली. "ही तुमची अमानत. माझ्या झाडूत जायची न्हाई."

मी पुन्हा मोजलं. शंभर. मला दहावीच्या निकालालाही इतका आनंद झाला नव्हता.

सरांनी रेकॉर्ड लावली. सुई तिसऱ्या गाण्यावर गेली आणि त्या खोलीत एक पोरगी गायला लागली. उंच, पातळ, घाईघाईचा आवाज, एकोणीस-वीस वर्षांची असेल नसेल. ओळ संपली की मध्येच काहीतरी अडखळायचं आणि पुन्हा पुढं जायचं. सर ऐकत उभे राहिले. दोन ओळींनंतर त्यांनी स्वतःच दांडी उचलली.

"ही माझी माय न्हाई," ते म्हणाले.



"ही तर कोन तरी पोरगी हाय. माझ्या लेकीएवढी. चाचा, पहिलं व्हतं तसं करून द्या."

चाचांनी त्यांचे ओठ नीट वाचले होते. तरी त्यांनी मला विचारलं, सर काय म्हणाले. मला वाटतं त्यांना वेळ हवा होता. मी सांगितलं.

"मी मशीन खोटं करून देनार न्हाई," ते म्हणाले.

सरांचा आवाज चढला. चाळीस वर्षांनी भेटलेली आई कुणी आठवड्यात परत काढून घेत असेल, तर माणूस काय करणार. ते म्हणाले, मशीन माझं, रेकॉर्ड माझी, माय माझी, तुमाला काय तकलीफ हाय? चाचा एवढंच म्हणत राहिले की सर, शंभर म्हणजे शंभर. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला दोघांचंही पटत होतं. शेवटी चाचांनी खिशातली पुडी काढून काउंटरवर ठेवली.

"तुमच्या मायचा आवाज वळखनारं कोनी जित्तं हाय का?"

सरांनी पुडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मावशी हाय. धाकटी बहीन तिची. तांड्यावरच असती."

"तिला ऐकवू. ती म्हणली की ही न्हाई, तर मी माझ्या हातानं ही हळद पट्ट्यावर घालून देतो. पाटी बी उतरवतो."

आतून चाचींनी डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत नेलं.

रविवारी तांड्यावर जायचं ठरलं, त्याला तीन दिवस होते. मशीन दुकानातच राहिलं, रेकॉर्डही, कारण सर ती घरी न्यायला तयार नव्हते. त्या तीन दिवसांत चाचांनी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. ते अडखळणं त्यांना छळत होतं. स्पीकरच्या लाकडी खोक्याला पेन्सिल लावून ते तिसरं गाणं ऐकायचे, आणि दर ओळीच्या शेवटी, कधी मध्येही, एक झटका यायचा. दुसऱ्या कुठल्या गाण्यात येत नव्हता, म्हणून मी म्हटलं की रेकॉर्डच तिथं खराब असेल. त्यांना ते मान्य नव्हतं, त्यांनी भिंगातून तिच्या रेघा तपासल्या होत्या. त्यांनी सुईवरचं वजन कमी केलं, वाढवलं, दांडी बघितली, थाळीची पातळी पाण्याची वाटी ठेवून बघितली. झटका तसाच. "कुठं तरी नुक्स ऱ्हायला, मॅडम," शनिवारी ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. ते दुरुस्तीला कधी कुणाच्या घरी जायचे नाहीत, आणि आता उरलेला दोष घेऊन पाऊणशे किलोमीटर निघाले होते.

निघताना त्यांनी ते लाल पेच पुन्हा आवळले. प्रवासाला बांधायचं, पोचल्यावर सोडायचं. वसमत ते हिंगोली, हिंगोलीहून पुसेगाव, एस.टी.त यंत्र पूर्ण वेळ त्यांच्या मांडीवर होतं. सर पुढच्या सीटवर बसले होते आणि मागं वळून बघत नव्हते. मी कशाला गेले होते? तीन मिनिटं मोजायला. पण खरं सांगायचं तर, ते हरले असते तर परतीच्या गाडीत त्यांच्याशेजारी कुणीतरी असावं, असं मला वाटत होतं.

तांड्यावर लाईट दुपारी दोनला यायची होती. आम्ही मावशींच्या घरापुढच्या छपरात बसलो. मावशी साठीच्या, काटक, कोपरापर्यंत बांगड्या. आम्ही कशासाठी आलोय हे त्यांना सरांनी त्यांच्या बोलीत सांगितलं. त्यांनी फार विचारलं नाही, चहा दिला. चाचांनी लाल पेच काढले, कपटा लावला, दोन वाजता लाईट आली आणि मी मोजलं. शंभर. चाचांनी सुई तिसऱ्या गाण्यावर ठेवली आणि पेन्सिल दातांत धरून स्पीकरवर वाकले. त्यांची पाठ मावशींकडे होती.

पोरगी गायला लागली. मावशींनी पहिली ओळ ऐकली आणि दोन्ही हात मांडीवर दाबून धरले, बांगड्या वाजू नयेत म्हणून. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलायला लागले. तिसऱ्या ओळीला त्या रेकॉर्डच्या बरोबरीनं, अगदी त्याच सुरात, म्हातारपणाच्या फुटक्या आवाजात गायला लागल्या. मध्ये ती पोरगी अडखळली तिथं त्याही थांबल्या आणि हसल्या.

"अशीच थांबायची," त्या सरांना म्हणाल्या, आणि आम्हाला कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या. "बसवत नव्हतं तिला. मी मागून पाठ धरून बसले व्हते. तू पोटात व्हतास. सातवा सरून राहिला व्हता. दोन शब्द म्हणली की दम लागायचा. ते यंत्रवाले म्हणले, बाई, नंतर गा. ती म्हणली, न्हाई, आत्ताच."

 गाणं संपलं. चाचांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, सरांचा चेहरा पाहिला, डोळ्यांतलं पाणी पाहिलं, आणि त्यांना वाटलं की निकाल लागला. त्यांनी खिशातून पुडी काढली. अगदी शांतपणे, शब्द दिला होता म्हणून. पुडीची गाठ ते सोडायला लागले तेव्हा सरांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि पुडी त्यांच्या मुठीत तशीच बंद केली. मग खाली वाकून सुई पुन्हा तिसऱ्या गाण्यावर ठेवली. लाईट होती तोवर ते गाणं किती वेळा वाजलं ते मी मोजलं नाही.

यंत्र तांड्यावरच राहिलं. परतीच्या एस.टी.त आम्ही दोघंच होतो. चाचांचे हात रिकामे होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. त्यांना एवढंच समजलं होतं की मावशींनी आवाज ओळखला.  हिंगोली मागं पडल्यावर ते म्हणाले, "मॅडम, झटका ऱ्हायलाच. त्या भल्या लोकांनी विषय काढला न्हाई, पन मला ठावूक हाय. बुढी काय म्हणली त्याच्यावर?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं. पूर्ण गाडीनं ऐकलं. ती बाई सात महिन्यांची गरोदर होती, सर तिच्या पोटात होते, गाताना तिला दम लागत होता. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. चाचांनी मला पुन्हा सांगायला लावलं, आणि मी पुन्हा ओरडले.

 मग त्यांनी पाठ सरळ केली, सीटवर नीट टेकून बसले, आणि गाडीत ज्यांनी ज्यांनी माझं ओरडणं ऐकलं होतं त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मंग मशीनमधी एकबी नुक्स न्हाई. ते सर व्हते."